चौक्याबाहेर

राधानगरी सोडून दाजीपूरच्या अंगाला निघालं, की एका वळणावर डाव्या हाताला दोन खोल्यांची शाळा लागते. कौलारू छप्पर, पुढं लांब पडवी, अंगणात हातपंप आणि मागच्या भिंतीला लागूनच जंगल. परवा कोकणात एका लग्नाला चाललो होतो, तेव्हा तिथं मी यांना गाडी थांबवायला लावली. "इथं काय हाय आता?" हे वैतागले. "काही नाही, जरा पाय मोकळे करते," म्हटलं आणि उतरले. रविवार होता, शाळेला कुलूप होतं. मी पडवीत जाऊन बसले. फाल्गुनाचं ऊन तापलं होतं आणि मागच्या जाळीतून करवंदीच्या फुलांचा वास येत होता. 

बरोबर एक वर्षापूर्वी याच अंगणात उभं राहून मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला उपाशी ठेवलं. तिला हात लावला नाही, तिला एक शब्द बोलले नाही, तरी ती माझ्यामुळं उपाशी राहिली. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. भाकरी थापताना मध्येच हात थांबतो आणि ते अंगण दिसतं.

आमचं गाव नृसिंहवाडीच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर. आम्ही शेतकरी जैन. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं घरातली नाती निम्मी कानडी. आईला आव्वा म्हणायचो, थोरल्या बहिणीला अक्का. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा कायदा होता. एकदा सूर्य बुडाला की पोटात काही जाणार नाही, पोर असो की पाहुणा. संध्याकाळी चुलीवर आमटीला उकळी फुटलेली असायची, भाकरीवर तुपाचा वास दरवळत असायचा आणि आव्वा ओरडत असायची, "पोरीनू, दिस चालला की! या लौकर!"

मी शहाण्यासारखी वेळेत जेवायचे. अक्का नाही. ती रानातून उशिरा यायची, हातपाय धुवायची नाही आणि ताट घेऊन थेट माळवदावर चढायची. का, तर खालच्यापेक्षा वर सूर्य जरा उशिरा मावळतो म्हणून. तिथं उभ्या उभ्या, एक डोळा सूर्यावर आणि एक ताटावर ठेवून ती खात राहायची. नदीपलीकडच्या उसात शेवटचं लाल बोट बुडेपर्यंत तिचे चार घास जास्तीचे व्हायचे. आव्वा खालून कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, "ही पोरगी भुकंनं मरंल एक दिवस."

घरात पाणी गाळून प्यायचं. जुन्या धोतराचं दुहेरी गाळणं पितळी कळशीच्या तोंडाला बांधलेलं असायचं. पाणी गाळून झालं की ते गाळणं अलगद उलटं करून, त्यात अडकलेले न दिसणारे जीव परत विहिरीत सोडायचे. हे काम आम्हा दोघींचं. विहिरीच्या कडेला ओल्या कापडाचा, शेवाळाचा, थंड दगडाचा वास यायचा. अक्का विहिरीत वाकून ओरडायची, "जावा रे आपापल्या घरला!" आणि तिचा आवाज खालून परत वर यायचा. मला भीती वाटायची. मी तिचा परकर मागून घट्ट धरून उभी राहायचे.

चातुर्मासात कांदा बंद. एकदा आव्वानं आम्हाला काही कामानं वाडीला पाठवलं. देवळाच्या घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर कढईत कांदाभजी तळत होते. अक्काचे पायच हलेनात. तिनं भजी घेतली, कागदात बांधून नदीकाठी नेली आणि दोघींनी खाल्ली. म्हणजे मी दोन खाल्ली, बाकीची तिनं. मग तोंडं धुतली, वास जावा म्हणून पेरूचा पाला चघळला. घरी आल्यावर मी अर्धा तास दम धरला आणि आव्वाच्या गळ्यात पडून सगळं ओकून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तेव्हापासूनचं. अक्कानं मार खाल्ला आणि मार खाताना हसत होती. नंतर मला म्हणाली, "तुझ्यागत पोपट घरात आसल्यावर चोरानं करायचं काय?" आमच्या घरात देवभोळी मी होते. पर्युषणातले उपास मी धरायचे. ती फडताळातले शेंगदाणे चोरायची.

आणि दीक्षा तिनं घेतली.

हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती जयसिंगपुरात शाळेत गणित शिकवायची, पगार होता, हसणं होतं. मग हळूहळू एकेक सुटत गेलं. आधी चहा सुटला, मग रंगीत साडी सुटली, मग घर. मला सगळ्यात शेवटी कळलं. तोवर निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

दीक्षेच्या दिवशी देवळापुढं मोठा मांडव होता. झेंडूचा, घामाचा, नव्या तट्ट्याचा वास कोंदला होता. केशलोच चालू होता. डोक्याला राख लावून बोटांनी केस उपटायचे, कात्री नाही, वस्तरा नाही. अक्काचे केस गुडघ्याला लागायचे. दर रविवारी शिकेकाई उकळून आव्वा ते धुवायची, तेव्हा सगळं परस त्या वासानं भरून जायचं. तेच केस मूठमूठ निघत होते आणि आव्वा पदर पसरून ते झेलत होती. अक्काच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मग ती पांढरी साडी नेसून, मोरपिसांची पिच्छी हातात घेऊन बसली आणि माझ्या आव्वानं, तिला जन्म देणाऱ्या बाईनं, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "वंदामि माताजी" म्हणाली. लोक जयजयकार करत होते. मी गर्दीतून पुढं गेले, तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आजपासून तू मला मेलीस." तिनं खाली जमिनीकडं पाहिलं.

त्यानंतर अकरा वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नाही. आव्वा मात्र दर चातुर्मासात, ती जिथं असेल तिथं, आपली पितळी भांडी गोणपाटात बांधून जायची. तिच्या हातात घास घालून यायची. परत आली की सांगायला लागायची, "लई वाळल्या गं माताजी." मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

मागच्या फाल्गुनात, एका सोमवारी सकाळी आव्वा देवळातून आली, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसली आणि गेली. कुणाला पाणी घालायलासुद्धा सवड मिळाली नाही. अक्काचा संघ तेव्हा कोल्हापूरहून कोकणाकडं पायी निघाला होता. भाऊ म्हणाला, संघातल्या दीदींना फोन लावतो. मी म्हटलं, "नको. मी जाऊन सांगते." सगळ्यांना वाटलं, चला, आईच्या मरणानं तरी बहिणी एक होतील. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला तिला रडताना बघायचं होतं. आव्वा गेली म्हटल्यावर तरी या बाईच्या डोळ्यात पाणी येतं का, एवढंच मला बघायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आता खोटं कशाला लिहू?

मंगळवारी दुपारी राधानगरीच्या पुढं रस्त्याकडेला एका आंब्याखाली संघ थांबलेला सापडला. संघ कसला, दोन आर्यिका, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्व्या, एक दीदी आणि मागून जीपमधून स्वयंपाकाचं सामान घेऊन येणारी चार माणसं. थोरल्या माताजी म्हाताऱ्या, मण्यांची माळ ओढत बसलेल्या. त्यांच्या पलीकडं माझी अक्का. मी ओळखलंच नाही आधी. हातांच्या काड्या, उन्हानं काळं पडलेलं तोंड, डोक्यावर इवलेसे केस. मला बघून ती दचकेल असं वाटलं होतं. तिनं पिच्छी जराशी उचलली.

"आशीर्वाद. सुखी आहात?"

"आहात" म्हणाली. मला. माझ्या पाठीवर बुक्क्या मारलेली बाई मला "आहात" म्हणाली. मी नुसतं हो म्हटलं.

आता लगेच सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच दीदींनी मला हाताला धरून जीपमागं नेलं. दीदी म्हणजे दीक्षा न घेतलेल्या, पण ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन संघासोबत राहणाऱ्या बाई. निपाणीकडच्या, तोंडानं फटकळ. माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं होतं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"आव्वा. काल."

दीदी मटकन खाली बसल्या. डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्या पाया पडते. आज सांगू नगा. काल माताजींचा चतुर्दशीचा उपास हुता. आन आज पैल्याच घासाला भातात केस निघाला. पाणीबी घेतलं न्हाई."

आर्यिका दिवसातून एकदाच जेवतात, हाताच्या ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच. त्या जेवणाला आहार म्हणतात. जेवताना घासात केस निघाला, किडा निघाला, तर तो अंतराय. ओंजळ सोडायची आणि उठायचं. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत थेंब नाही.

"उद्या धाच्या सुमाराला आहार हुईल," दीदी म्हणाल्या. "तवर त्यांच्या कानावर जाऊ देऊ नगा. दुःखानं डोळ्याला पाणी आलं, तरी अंतरायच असतोय. आसवांचाबी अंतराय हाय आमच्यात. त्या रडल्या तर तिसऱ्या दिवशीबी उपाशी. आन म्होरं घाट हाय, ताई."

म्हणजे मी जे बघायला आले होते, त्याची किंमत ही होती. मी मान हलवली.

"आन येक," दीदी उठता उठता म्हणाल्या. "तुमाला सुतक हाय. उद्या चौक्यात येऊ नगा. कोण इचारलं तर आडचण हाय म्हनून सांगा." आहाराचा स्वयंपाक होतो ती जागा म्हणजे चौका. सुतकातल्या माणसानं तिथं पाऊल टाकायचं नसतं. लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवस असतं.

उन्हं कलल्यावर निघालो. जीप रस्त्यानं पुढं गेली आणि एक धनगर मामा आम्हाला जंगलातल्या जवळच्या वाटेनं घेऊन चालले. दोन तासांची वाट होती. मी अक्काच्या मागं दहा पावलांवर होते. ती अनवाणी, नजर पुढच्या चार हात जमिनीवर, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. वाळलेल्या पानांचा चुरा पायाखाली वाजत होता. अंजनी निळ्या फुलांनी भरली होती, कुठंतरी पांगारा पेटला होता, आणि सगळीकडं करवंदीचा तो गोड, डोकं धरणारा वास. अक्काच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. थंडीत आव्वा आमसुलाचं तेल गरम करून आमच्या टाचांत भरायची. अक्का पाय झाडायची, गुदगुल्या होतात म्हणून. आव्वा तिच्या नडगीवर चापट मारायची आणि पुन्हा पाय मांडीवर ओढून घ्यायची. त्या टाचा माझ्यापुढं चालत होत्या आणि त्यांना तेल लावणारी काल जळून गेली होती, आणि हे माझ्याशिवाय तिथं फक्त दीदींना माहीत होतं. मला सारखं वाटत होतं, ओरडून सांगावं.

एका ओढ्याच्या वळणावर मामा एकदम थांबले. हात मागं केला. "हलू नगा, पावणं," अगदी हळू म्हणाले.

वाटेवर गवा उभा होता. वीस पावलांवर. काळाभोर, पाय तेवढे पांढरे मोजे घातल्यागत. त्याचा उग्र, ओल्या मातीचा वास आमच्यापर्यंत येत होता. त्यानं नाक फेंदारलं आणि फुसकारा सोडला.  कशी पुढं झाले आठवत नाही. मी अक्काचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि तोंडातून निघून गेलं, "अक्का!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ती हलली नाही. हात सोडवून घेतला नाही. तिचा दंड माझ्या मुठीत बांगडीएवढा लागत होता आणि त्यातली नाडी उडत होती. गव्यानं बराच वेळ आमच्याकडं पाहिलं, मग मान फिरवली आणि जाळीत शिरला. फांद्या मोडत गेल्याचा आवाज हळूहळू कमी झाला. मामांनी बंडीच्या बाहीनं तोंड पुसलं. "तुमच्या पुण्याईनं वाचलो, माताजी," ते म्हणाले. अक्कानं हलकेच माझी बोटं सोडवली आणि चालायला लागली. एवढ्या वेळात तिनं मागं वळून बघितलं नव्हतं.

मुक्काम या शाळेत होता. सकाळी एका खोलीत चौका मांडला. गारगोटीहून आलेल्या सुनंदाकाकू ओल्या साडीनं स्वयंपाकाला बसल्या. काल भातात निघालेला केस आपलाच असणार, या धसक्यानं त्यांनी डोक्याला फडकं घट्ट गुंडाळलं होतं. प्रत्येक दाणा त्या उन्हात धरून बघत होत्या. तूप कढवल्याचा, मूगडाळीचा, उकळलेल्या पाण्याचा वास अंगणभर पसरला. हा वास आव्वाच्या पदराला यायचा. मी हातपंपाजवळ जाऊन उभी राहिले. तिथून चौक्याच्या दारातून सरळ आत दिसत होतं.

दहाच्या सुमाराला अक्का पलीकडच्या खोलीतून निघाली. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर ठेवलेली. आहाराला निघाल्याची ती खूण, आता बोलायचं नाही. काकू आणि बाकीची मंडळी दारात नारळ-कलश घेऊन उभी राहिली. "हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि, अत्र तिष्ठ, तिष्ठ!" आणि त्या गडबडीत काकूंचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"अवो ताई, तकडं काय उभारलाय? या की! सख्ख्या बहिणीच्या हातात घास घालायचं भाग्य कुणाला मिळतंय?"

"अडचण आहे मला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

अक्काचं पाऊल अर्धं अडकलं. एवढंच. मग ती आत गेली.

ती पाटावर बसली, हात धुतले, ओंजळ जुळवली. काकूंनी पाणी ओतलं. पहिली ओंजळ, दुसरी, तिसरी. मी तिचा गळा बघत होते. दोन दिवसांनी पाणी खाली उतरत होतं आणि गळ्याची शीर वरखाली होत होती. मग दूध. मग तूप घातलेला मऊ भात. काकू चिमटीनं घास ठेवायच्या, ती अंगठ्यानं चाचपून बघायची आणि ओंजळ तोंडाकडं न्यायची. माळवदावर उभी राहून सूर्याशी शर्यत लावून खाणारी पोरगी अशी एकेक घास तपासून गिळत होती. तिला रडताना बघायला आले होते मी, आणि हातपंपाचा दांडा घट्ट धरून मनात म्हणत होते, गिळ अक्का. गिळ. अजून एक घे. माझ्याकडं बघू नकोस.

तिनं बघितलं.

चौथा का पाचवा घास ओंजळीत होता. तिनं मान वर केली आणि दारातून माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही. आधी माझ्या पायांकडं, मग पायापासून दारापर्यंतच्या मोकळ्या अंगणाकडं. तसं बघत राहिली. मग तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब ओंजळीतल्या भातावर पडला.

तिनं ओंजळ उघडली. भात परातीत पडला.

"अंतराय!" कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. काकूंच्या हातातली वाटी निसटली. "माझाच केस! पुन्यांदा माझाच केस!" म्हणून त्या भिंतीला टेकल्या आणि हमसाहमशी रडायला लागल्या. दोघीजणी परातीतला भात बोटांनी चिवडून केस शोधू लागल्या. दीदी हलल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

अक्का उठली. चूळ भरली, दारात येऊन डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली. मग बोलली. कालचं "आहात" नव्हतं ते. अकरा वर्षं न ऐकलेला आवाज होता.

"काकू, रडू नगा. केस न्हवता. माझ्याच डोळ्यातनं पाणी आलं. माझी आव्वा गेली."

 घरदार, आईबाप, सगळं सोडलेल्या बाईच्या तोंडी "माझी" हा शब्द ऐकून थोरल्या माताजींची माळसुद्धा थांबली. मी दीदींकडं पाहिलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली.

"कुणी सांगितलं न्हाई," अक्का म्हणाली. "अकरा वर्सं न आलेली तू काल रस्त्याला दिसलीस, तवाच कळलं. आव्वा आसती तर तू आली नसतीस. रात्रभर म्हटलं, न्हाई, माझाच भरम आसंल. सकाळी चौक्याबाहीर उभारलीस. आन अडचण हाय म्हनालीस. तुला खोटं बोलायला कवा जमलंय गं?"

म्हणजे तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्या जंगलातून ती ते घेऊन चालली होती. गव्यापुढं उडणारी ती नाडी गव्याच्या भीतीनं उडत नव्हती. मी तिचा दंड धरून ओरडले, तेव्हासुद्धा तिला माहीत होतं. तिनं ते डोळ्यांपर्यंत येऊ दिलं नाही. आणि मी एक पाऊल पुढं टाकू शकत नाही, हे बघून आलं. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं होतं.  मी हातपंपाच्या ओल्या फरशीवर बसले आणि आव्वा गेल्यापासून जे आलं नव्हतं ते रडू मला आलं.

ती पडवीच्या काठावर येऊन बसली. आमच्यामध्ये सगळं अंगण होतं. "तरास झाला काय तिला?" तिनं विचारलं.

"न्हाई. देवळातनं आली, पायरीवर बसली."

"पायरीवर," ती म्हणाली.  जंगलात एक तांबट पक्षी टुकटुक करत होता. "आन तू जेवलीस काय कालपास्नं?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं दीदींना हाक मारली आणि मला वाढायला सांगितलं. मी अंगणात बसून तिच्या चौक्यातला भात खात होते आणि तीन दिवस नीट काही न खाल्लेली ती लांबून बघत होती. मला तो गिळवत नव्हता. "गिळ," ती म्हणाली.

त्या दिवशी थोरल्या माताजींनी घाट उतरायचं रद्द केलं. संध्याकाळी उन्हं पडवीत आडवी आली. दोघी माताजी आणि दीदी प्रतिक्रमणाला बसल्या. दिवसभरात हातून जे दोष घडले ते एकेक उच्चारायचे, आणि प्रत्येकानंतर म्हणायचं, तस्स मिच्छा मे दुक्कडं. म्हणजे ते माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, झालंच नाही असं ठरो. मी अंगणात होते, सगळं ऐकू येत होतं. चालताना गवत तुडवलं असेल, मिच्छा मे दुक्कडं. बोलताना कठोर शब्द गेला असेल, मिच्छा मे दुक्कडं. अक्काचा आवाज थकलेला होता, पण एकही शब्द चुकत नव्हता. मग आहारातले दोष आले. आता ती ते पाणीही खोटं ठरवणार. आव्वासाठी एक थेंब आला तिला अकरा वर्षांत, आणि आता तोही पुसून टाकणार. मला ते ऐकवणार नव्हतं. मी उठून कुठंतरी लांब जाणार होते.

"आज आहारात अश्रुपात झाला," अक्का म्हणाली.

"महिनाभर तूप वर्ज्य करा," थोरल्या माताजींनी प्रायश्चित्त सांगितलं.

अक्कानं हात जोडले, डोकं जमिनीला टेकवलं. प्रायश्चित्त घेतलं. मग ती सरळ बसली आणि ओठ मिटून घेतले.

थोरल्या माताजी थांबल्या. "म्हणा," त्या हळूच म्हणाल्या.

अक्का समोर बघत राहिली. दीदींनी पोथीतून मान वर केली. मी अंगणातच उभी होते. अक्काचे ओठ हलले नाहीत.

थोरल्या माताजींनी जरा वाट पाहिली. मग पोथीचं पान उलटलं आणि पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली.